७४० रुपयांचं रसायन किट, आणि त्यातले ते खिळे

नात यंदा दहावीला. रासायनिक अभिक्रियांचा धडा तिला तोंडपाठ, पण त्यातली एकही अभिक्रिया डोळ्यांनी पाहिलेली नाही. म्हणून वाशीच्या एका दुकानातून हे किट आणलं. मी ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीत ३२ वर्षं प्लांटवर काढली, त्यामुळे खोका उघडायची घाई तिच्यापेक्षा मलाच.

परीक्षानळ्या जाड, स्टँड भक्कम. मोरचुदाच्या (कॉपर सल्फेट, तांब्याचा निळा क्षार) पुडीवर 'विषारी' असं ठळक छापलंय, हे आवडलं. हातमोजे आहेत, चष्मा नाही. माझा कंपनीतला जुना काढून दिला.

पहिलाच प्रयोग विस्थापनाचा, म्हणजे एका धातूनं दुसऱ्याला हुसकावून त्याची जागा घेण्याचा. मोरचुदाच्या निळ्या पाण्यात लोखंडी खिळा टाकायचा. पुस्तिका म्हणते खिळ्यावर तांबूस थर चढेल, पाणी हिरवट होईल. आमच्या खिळ्यावर काळपट भुकटी धरली, निळा रंग फिका होत गेला, पण हिरवा काही होईना. "आजोबा, पुस्तक चुकलं की आपण?" पाकिटातला दुसरा खिळा उजेडात धरला, तर पांढरा चकचकीत. गॅल्व्हनाइज्ड! गंजू नये म्हणून जस्ताचा मुलामा दिलेला. तांब्याला हुसकावलं ते जस्तानं, लोखंडाची पाळीच आली नाही. आणि झिंक सल्फेटच्या पाण्याला रंगच नसतो.

खालच्या हार्डवेअरवाल्याकडून दहा रुपयांचे साधे खिळे आणले, पॉलिश पेपरनं घासले. अर्ध्या तासात तांबूस थर, सकाळी नळीत फिकट हिरवं पाणी. पोरगी शाळेला जाताजाता तीनदा बघून गेली.

कळीच्या चुन्याची पुडी नुसती स्टेपल केलेली, त्यात नवी मुंबईचा पावसाळा. पाणी घातलं की चुना तापायला हवा, पण नळी थंडगार. हवेतला ओलावा पिऊन चुना पुडीतच विरला होता. उष्मादायी अभिक्रिया आमच्या आधीच उरकलेली.

मराठी पुस्तिका तर कहर. धुण्याच्या सोड्याचं पाणी कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात ओतलं की म्हणे 'पांढरा पर्जन्य पडतो'. अहो, अवक्षेप, म्हणजे पाण्यात तयार होऊन तळाला बसणारा साका! नात छत्री घेऊन आली.

खिळे बदलून मागितले तर दुकानदार म्हणाला, "काका, खिळा तो खिळाच." पाचपैकी अडीच. नळ्या आणि मोरचुदासाठी घ्यायचं तर घ्या, पण खिळे नि चुना बाहेरून आणा. उरलेलं निळं पाणी तुळशीत ओतू नका, आमची एक कुंडी त्यात गेली.