दुखरा गुडघा, दुखरा खांदा आणि ताकदीचा व्यायाम: तालीम, जिम की घर?

गुडघा किंवा खांदा दुखतो म्हणून व्यायाम सोडायचा नाही, असे ठरवलेल्या कोल्हापूरकरासमोर तीन वाटा असतात: पेठेतली तालीम, जिम आणि स्वतःचे घर. गेल्या सहा वर्षांत मी तिन्ही पाहिल्या. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी माझ्या उजव्या गुडघ्याच्या वाटीमागे दुखू लागले. जोतिबाच्या पायऱ्या चढताना काही वाटत नसे, उतरताना मात्र प्रत्येक पायरी जाणवे. पुढच्या वर्षी डावा खांदा हात वर नेताना अडखळू लागला. तपासणीत काही तुटले-फाटलेले निघाले नाही आणि स्नायू बळकट करा, असाच सल्ला मिळाला. तो कुठे आणि कसा अमलात आणायचा, हे मात्र मलाच ठरवावे लागले.

ही तुलना अशी तपासणी झालेल्यांसाठीच आहे. सांधा सुजत असेल, मध्येच अडकून बसत असेल, चालताना पाय अचानक सोडून देत असेल, रात्री दुखण्याने झोपमोड होत असेल किंवा हातापायाला मुंग्या येऊन ताकद कमी झाल्यासारखी वाटत असेल, तर आधी हाडांच्या डॉक्टरांकडे जावे.

गुडघ्यापासून सुरुवात करतो, कारण तालीम आणि जिम यांतला फरक तिथे सर्वांत ठळक दिसतो. तालमीतली बैठक म्हणजे टाचा उचलून, चवड्यांवर भार घेऊन, मांडी पोटरीला टेकेपर्यंत खाली जायचे आणि हात झुलवत वर यायचे. गुडघा जसजसा वाकतो तसतशी वाटी मांडीच्या हाडावर अधिक दाबली जाते, आणि टाच उचललेली असल्याने गुडघा पावलाच्या पुढे जाऊन हा दाब आणखी वाढतो. निरोगी गुडघा हे वर्षानुवर्षे सोसतो. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींतल्या मल्लांच्या मांड्या याच बैठकांनी घडल्या आहेत, त्यामुळे बैठकेला दोष देण्याचे कारण नाही. अडचण मापाची आहे. माझे वजन 78 किलो, आणि बैठकेत पहिल्या दिवसापासून ते जवळपास सगळेच पायांवर येते. तालमीत संख्या कमी-जास्त करता येते, भार कमी करता येत नाही, आणि दुखऱ्या गुडघ्याला नेमकी भाराचीच सवलत हवी असते.

जिममधल्या लेग प्रेसवर, म्हणजे बसून पायांनी वजन ढकलण्याच्या यंत्रावर, ती मिळते. पाठ टेकून बसायचे, वजनाच्या पट्ट्यांतली पिन 30 किलोवर लावायची, गुडघा साधारण 60 अंशांच्या पुढे वाकू द्यायचा नाही आणि परत येताना मनात सावकाश चारपर्यंत मोजायचे, अशी मी सुरुवात केली. दहा आठवड्यांत 70 किलोपर्यंत पोहोचलो, आणि या काळात वाढ नेहमी एका वेळी एका पट्टीचीच होती. बसून पाय पुढे सरळ करत वजन उचलण्याच्या, म्हणजे लेग एक्स्टेन्शनच्या, यंत्रावर मात्र उलटे असते. तिथे वाटीवरचा ताण पाय पूर्ण सरळ होत असताना वाढतो, म्हणून 90 अंशांपासून 45 अंशांपर्यंतच हालचाल करावी आणि शेवटचा टप्पा सोडावा. जड उचलल्याशिवाय अंग भरत नाही, हा समजही इथेच सुटतो. जे वजन जेमतेम एकदाच उचलता येईल, त्याच्या 30 टक्के वजनानेही स्नायू दमेपर्यंत आवर्तने केली, तर स्नायूची वाढ जवळपास तितकीच होते. कमाल ताकद मात्र जड वजनानेच अधिक वाढते. दुखऱ्या सांध्याच्या माणसाला पहिले काही महिने एवढी सूट पुष्कळ आहे.

खांद्याचा हिशोब थोडा निराळा आहे. तालमीत हात जमिनीवर टेकून जोर मारताना, छाती जमिनीलगत घासत पुढे नेली की खांद्याच्या पुढच्या भागावर ताण येतो, आणि मला तिथेच चमक यायची. परंतु जोराचा भार बैठकेपेक्षा सहज हलका होतो: हात जमिनीऐवजी ओट्यावर किंवा भिंतीवर टेकले की काम भागते. जिममध्ये मला सर्वांत मानवला तो जमिनीवर उताणे पडून, तळवे एकमेकांसमोर ठेवून डंबेल दाबण्याचा प्रकार, कारण कोपर जमिनीला टेकताच हालचाल आपोआप थांबते. दांडीवर दोन्ही हात एकाच कोनात जखडले जातात, म्हणून दुखऱ्या खांद्याने तूर्त बेंच प्रेस, म्हणजे बाकावर उताणे पडून वजनाची दांडी वर ढकलणे, टाळलेली बरी. हाताने फिरवायचा लाकडी मुद्गल मात्र जिममध्ये सहसा नसतो, आणि दुखणे शमल्यावर हलका मुद्गल पाठीमागून फिरवल्याने खांदा जसा मोकळा होतो, तसा अनुभव मला कोणत्याही यंत्रावर आलेला नाही. दुखत असताना भारी मुद्गलाच्या वाटेला जाऊ नये.

यंत्रे जिमची चांगली असली, तरी नजर वस्तादांची चांगली, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिल्या जिममध्ये गुडघ्याचे सांगूनही प्रशिक्षकाने तिसऱ्याच दिवशी खांद्यावर 40 किलोची दांडी देऊन पूर्ण खाली बसायला लावले, आणि पुढचे दोन आठवडे मी घरचा जिना कठड्याला धरून उतरत होतो. याउलट तालमीतल्या वस्तादांनी मी लंगडत आलेला पाहताच, काही न विचारता, "दुखतंय तेवढं सोड, बाकीचं अंग कशाला बसवून ठेवतोस?" असे म्हणून मला भिंतीवरच्या जोराला लावले. जिम निवडताना म्हणूनच यंत्रे पाहण्याआधी प्रशिक्षक पहिल्या दिवशी दुखण्याविषयी किती प्रश्न विचारतो, ते पाहावे.

घरच्या व्यायामाला खर्च नाही आणि वेळेचे बंधन नाही, मात्र पायांना पुरेसा भार लवकरच कमी पडू लागतो. तरीही एक गोष्ट मी घरातच शिकलो. खुर्चीवर दोन घोंगडी घडी करून ठेवायची, टाचा जमिनीला घट्ट टेकवायच्या आणि बूड घोंगडीला लागताच उठायचे. दर पंधरवड्याला एक घडी उलगडली की बैठक बोटभर खोल जाते. बैठकेला हवे असलेले माप मला या घोंगड्यांनी दिले. खांद्यासाठी दाराच्या कडीला बांधलेला रबरी बँड ओढणेही घरी उत्तम जमते.

जागा कोणतीही असो, दुखण्याचे मोजमाप एकच ठेवावे. शून्य ते 10 या मापावर 3 पर्यंतचे दुखणे व्यायाम करताना चालते, पण ते 24 तासांत पूर्वपदावर यायला हवे. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना गुडघा नेहमीपेक्षा जास्त बोलला, तर पुढच्या खेपेला भार किंवा खोली कमी करावी. व्यायाम बंद करू नये. तालीम सुटून खुराक तसाच चालू राहिलेल्यांनी आणखी एक लक्षात घ्यावे: शरीराचे वजन 1 किलोने उतरले की चालताना पावलागणिक गुडघ्यावरचा भार साधारण 4 किलोने उतरतो, हे झिजलेल्या गुडघ्याच्या स्थूल रुग्णांमध्ये मोजले गेले आहे.

गुडघा दुखत असेल तर पहिले तीन महिने जिमला द्यावेत, त्यासाठी तालीम लांबली तरी चालेल. फक्त खांदा दुखत असेल तर जिमचे पैसे भरण्याची गरज मला वाटत नाही. तालमीत बैठका चालू ठेवाव्यात, जोर ओट्यावर हात टेकून मारावेत आणि घरी बँड ओढावा. दोन्ही दुखत असतील तर गुडघ्याचे ऐकावे. मी आता मंगळवारी आणि शुक्रवारी जिमला जातो आणि रविवारी सकाळी तालमीत. तिथल्या बैठका अजून टाचा टेकवूनच काढतो, आणि वस्तादांनी त्याला एकदाही हरकत घेतलेली नाही.