छोट्या मालवाहू गाडीचं पासिंग आणि ‘वाहन’ पोर्टल : काय सुरळीत चालतं, कुठे घोडं अडतं

‘वाहन’ म्हणजे गाडीची नोंदणी, कर, फिटनेस अशा कामांचं सरकारी संकेतस्थळ. दुचाकी किंवा घरची कार असेल तर या पोर्टलशी संबंध एकदाच येतो, फार तर दोनदा. भाजीपाला, सिमेंट, दुधाचे कॅन, मांडवाचं सामान वाहणाऱ्या टेम्पोवाल्याचं तसं नाही. नोंदणी, कर, फिटनेस (गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी असल्याचं प्रमाणपत्र), विमा, पीयूसी, कर्जाचा बोजा (कर्ज देणाऱ्याच्या हक्काची आरसीवरची नोंद) आणि लागू असेल तर परमिट, एवढं सगळं एकमेकांत अडकलेलं असतं आणि एक कडी निसटली की बाकीची कामं थांबतात. म्हणून हे परीक्षण फक्त ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाड्या आणि ट्रॉल्या यांच्यापुरतं आहे.

निकाल आधीच सांगतो. पैसे भरणं, अर्ज कुठवर आलाय ते बघणं आणि रस्त्यात कागद दाखवणं या तीन गोष्टींत पोर्टल उत्तम आहे. एकदा चुकीची पडलेली नोंद दुरुस्त करणं हा त्याचा सगळ्यात कच्चा भाग. त्यामुळे खरी मेहनत पहिल्या नोंदीच्या वेळीच घ्यावी लागते, आणि नेमकी तेव्हाच बहुतेक मालक ‘शोरूमवाले बघतील’ म्हणून निर्धास्त असतात.

वजनापासून सुरुवात करू, कारण पुढचं जवळपास सगळं त्यावरून ठरतं. आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, दोन वजनं असतात, रिकाम्या गाडीचं आणि मालासकट एकूण. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ६६ नुसार मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. त्यापुढे लागतं. ७,५०० किलोपर्यंतची गाडी ‘हलकी’ धरली जाते आणि ती चालवायला हलक्या वाहनाचा परवाना पुरतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पक्कं केलं आहे. धोकादायक मालाचा नियम मात्र वेगळा आहे.

इथे एक गैरसमज फार पसरलेला दिसतो. परमिट नको म्हणजे फिटनेसही नको, असं अनेक जण धरून चालतात. ते साफ चूक आहे. कलम ५६ सांगतं की फिटनेस प्रमाणपत्र नसलेलं परिवहन वाहन (माल किंवा भाड्याचे प्रवासी वाहणारी गाडी) वैध नोंदणी असलेलं मानलंच जाणार नाही. म्हणजे फिटनेस संपलेला टेम्पो पिवळी पाटी लावून उभा असला, तरी कायद्याच्या हिशेबी त्याची नोंदणी वैध नाही. अपघात झाला की विमा कंपनीही याच मुद्द्यावर बोट ठेवते.

आता बॉडी. कंपनीतूनच हौदा बसवून आलेली गाडी घेतली तर काम सोपं. कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अधिकृत विक्रेत्याकडची पूर्ण बांधलेली गाडी पहिल्या नोंदणीसाठी आरटीओत न्यावी लागत नाही, आणि राज्यातल्या कुठल्याही नोंदणी अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. नुसती चासी, म्हणजे बॉडीविना सांगाडा, घेऊन बाहेर बॉडी बांधायची असेल तर मात्र रस्ता लांबतो. आधी तात्पुरती नोंदणी, म्हणजे पिवळ्या पाटीवर तांबडी अक्षरं. मग बॉडी, मग बॉडी बांधणाऱ्याचं प्रमाणपत्र, मग निरीक्षकापुढे गाडी. बॉडीवाल्याकडे मान्यता आहे का, हे आगाऊ रक्कम देण्याआधी विचारा. तात्पुरती मुदत संपत आली आणि बॉडी अजून रंगात, हा या रस्त्यावरचा नेहमीचा खोळंबा आहे.

बॉडी जड बांधण्याचा मोह आवरा. एकूण वजन कंपनीने ठरवलेलं असतं, ते बॉडीसोबत वाढत नाही. समजा एकूण २,९९० किलोची गाडी आहे आणि रिकामी १,५९० भरते. म्हणजे चालकासकट १,४०० किलोची सोय. जाड पत्रा, उंच फळ्या, ताडपत्रीचा सांगाडा आणि मागचा भक्कम फाळका यांनी १५० किलो वाढवले की माल तेवढाच कमी झाला. वजनकाट्यावर जादा निघालं तर कलम १९४ नुसार दंड २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये, आणि जादा माल जागेवर उतरवायचा तो वेगळाच. मागे स्प्रिंगचे पाटे वाढवून गाडीची ‘पासिंग’, म्हणजे इथे वजन वाहण्याची मंजूर मर्यादा, वाढते ही समजूतही सोडून द्या. पाटे वाढले तरी कागदावरचं वजन तेच राहतं, उलट तपासणीत तो बेकायदा बदल ठरू शकतो.

विक्रेता पोर्टलवर माहिती भरतो तेव्हा अर्ज पुढे पाठवण्याआधी त्याची छापील प्रत मागून घ्या आणि गाडीशेजारी उभं राहून जुळवा. चासी नंबर १७ अक्षरांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात. म्हणून गोल दिसेल ते शून्य किंवा डी, आणि उभी रेघ दिसेल तो एक. पत्र्यावर ठोकलेला आकडा अस्पष्ट वाटला तर खडू फिरवून बघा. त्यानंतर इंजिन किंवा मोटर नंबर, इंधन, बॉडीचा प्रकार, दोन्ही वजनं. मग नाव. कर्ज मालकाच्या नावावर आणि बिल फर्मच्या नावावर असलं की बोजा नोंदवताना अर्ज परत येतो. जीएसटी, पॅन, विमा आणि बिल या चारही ठिकाणी नाव अक्षरशः एकच असू द्या.

सगळ्यात दुर्लक्षित रकाना मोबाइल नंबरचा. घाईत तिथे एजंटचा किंवा शोरूममधल्या मुलाचा नंबर पडतो. त्या दिवशी काहीच बिघडत नाही. दोन वर्षांनी फिटनेसचा अर्ज करायला बसलं की ओटीपी भलत्याच्या फोनवर जातो, आणि आधी नंबर बदलण्याचा वेगळा सोपस्कार उरकावा लागतो. आधारवरचं नाव आणि आरसीवरचं नाव यांत फरक असेल तर तोही घरबसल्या होत नाही, आरटीओची पायरी चढावी लागते. एजंट लावणं गैर नाही. नंबर मात्र आपलाच हवा.

खर्चाबद्दल पोर्टलला पूर्ण गुण. पावतीवर प्रत्येक रक्कम वेगळी येते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ८१ प्रमाणे हलक्या परिवहन वाहनाचं नोंदणी शुल्क १,००० रुपये, बोजा चढवण्याचे १,५०० आणि स्मार्ट कार्डचे २०० रुपये. महाराष्ट्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ७,५०० किलोपर्यंतच्या हलक्या मालवाहनांसाठी ७ टक्के एकरकमी कर मांडला गेला, त्यामुळे मोठी रक्कम कराची असते. शोरूमच्या कोटेशनमध्ये ‘आरटीओ खर्च’ असा एकच गोळा आकडा असेल तर पोर्टलची पावती मागा. फरक किती आणि कशाचा, ते लगेच कळतं. हा हक्काचा कागद आहे, संकोच नको.

फिटनेस नव्या गाडीला २ वर्षांचा मिळतो. गाडी ८ वर्षांची होईपर्यंत दर २ वर्षांनी आणि नंतर दरवर्षी नूतनीकरण. पोर्टलवर गाडीचा नंबर आणि चासीचे शेवटचे पाच आकडे टाकायचे, ओटीपी, शुल्क, तारीख, की झालं. अर्जाचा हा भाग खरंच दहा-पंधरा मिनिटांचा आहे. अडतं ते विम्यापाशी. पॉलिसी हातात असते, पण विमा कंपनीने माहिती वर चढवलेली नसते किंवा चासी नंबरात एक अक्षर चुकलेलं असतं, आणि पोर्टल ‘विमा संपला’ म्हणून पुढे जाऊ देत नाही. आरटीओत हुज्जत घालून उपयोग नाही, दुरुस्ती विमा कंपनीकडूनच होते. म्हणून पॉलिसी नवी केली की दोन-चार दिवसांनी सरकारच्या एम-परिवहन अ‍ॅपमध्ये तारीख बदलली का बघायची सवय ठेवा. शेवटच्या आठवड्यावर काम ढकलू नका, कारण मुदत उलटल्यावर नियमात दिवसाला ५० रुपये जादा शुल्काची तरतूद आहे.

प्रत्यक्ष तपासणीत गाड्या मोठ्या बिघाडाने क्वचितच नापास होतात. चिल्लर गोष्टींनी होतात. परावर्तक पट्टी समोर पांढरी, बाजूंना पिवळी, मागे तांबडी हवी आणि ती मान्यताप्राप्त हवी. बाजारातली साधी चकचकीत पट्टी चालत नाही. टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी. मागचा एक दिवा मिणमिणता, वायपरचं रबर फाटलेलं, वेग नियंत्रकाचं प्रमाणपत्र जुनं, हौद्यावर रंगवलेली वजनं पुसट, एवढ्यावर दिवस वाया जातो.

आणि मागची नंबर प्लेट. उच्च सुरक्षा पाटी एकदाच बसणाऱ्या खटक्याच्या कुलपाने लावलेली असते. गॅरेजमध्ये फाळका रंगवताना किंवा वेल्डिंग करताना ती उचकटली की कुलूप तुटतं, आणि मग कारागीर साध्या स्क्रूने किंवा तारेने ती परत लावून देतो. लांबून काही कळत नाही, तपासणीत नेमकी तिथेच नजर जाते. एप्रिल २०१९ पासूनच्या सगळ्या नव्या गाड्यांना ही पाटी असते, तेव्हा रंगकाम सुरू होण्याआधीच कारागिराला बजावून ठेवा : पाटीला हात लावायचा नाही, कागद चिकटवून भोवतीने रंग द्यायचा.

ट्रॉलीच्या बाबतीत माहितीचा तुटवडा जास्त आहे आणि पोर्टलही तिथे मदतीला कमी पडतं. ट्रॉली ही कायद्याने स्वतंत्र मोटार वाहन आहे. तिचा वेगळा चासी नंबर, वेगळी आरसी, वेगळा विमा. ट्रॅक्टरची कागदपत्रं ट्रॉलीला लागू होत नाहीत. कलम ६१ प्रमाणे ट्रॉलीचा स्वतःचा नंबर तिच्या बाजूवर हवा आणि ओढणाऱ्या वाहनाचा नंबर शेवटच्या ट्रॉलीवर हवा. उसाच्या हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या दिसतात, त्यातल्या मागच्या ट्रॉलीवर ट्रॅक्टरचा नंबर नसेल तर ती मागून येणाऱ्याला आणि अपघातानंतर पोलिसांनाही निनावी असते. रात्री रस्त्याच्या कडेला दिव्याविना उभ्या असलेल्या अशा ट्रॉल्यांवर गाड्या आदळतात, म्हणून हा नियम नुसता कागदी समजू नका.

खरेदीच्या वेळी मुख्य प्रश्न एकच : बनवणाऱ्याकडे त्या नमुन्याची मान्यता आहे का? गावातल्या फॅब्रिकेटरची ट्रॉली स्वस्त आणि दणकट असेलही, पण त्याची नोंद उत्पादक म्हणून पोर्टलवर नसेल तर विक्रीचा फॉर्म २१ आणि रस्तायोग्यतेचा फॉर्म २२ ग्राह्य धरला जात नाही, आणि मग ट्रॉलीची नोंदणीच होत नाही. नंतर धावपळ करून हे सुटत नाही. शेतीसाठी नोंदवलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीने भाड्याने विटा किंवा वाळू वाहिली तर वापर बदलतो आणि विम्याचा दावा अडतो, हेही व्यवहार ठरवताना लक्षात घ्या.

कागद दाखवण्याबाबत आता चिंता नको. नियमांच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधली आरसी, फिटनेस आणि विमा मूळ कागदांइतकेच ग्राह्य आहेत. चालक दुसरा असेल तर त्याच्या फोनमध्येही गाडी जोडून द्या.

कर्ज फिटलं की बोजा आपोआप उतरेल, असं धरू नका. बँकेकडून बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ आणि नाहरकत लगेच घ्या आणि अर्ज करा. पुढे गाडी विकताना मालकी हस्तांतराच्या फॉर्म २९ आणि ३० वर नुसती सही करून किल्ली देणारे बरेच आहेत. पण नव्या मालकाचं नाव नोंदलं जात नाही तोवर ई-चलन, कर आणि अपघाताची नोटीस जुन्याच मालकाच्या नावाने येत राहते. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर १४ दिवसांत कळवणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. हस्तांतराचा अर्ज आपल्यासमोर भरून घ्या, अर्ज क्रमांक लिहून ठेवा आणि पोर्टलवर नव्या मालकाचं नाव दिसेपर्यंत दर आठवड्याला बघत राहा.