माइल्स गेले, पॉइंट्स आले, मग पॉइंट्सही गेले

आमचे थोरले बंधू, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे व्यापारी आहेत. सौदा आणि परदेशी जाणारा माल ते बघतात. हिशेब, जीएसटी आणि बँक माझ्याकडे. निर्यातीपायी त्यांना बरंच फिरावं लागतं. खाद्यपदार्थांची जागतिक प्रदर्शनं: दुबईचं गल्फूड दरवर्षी, शिवाय ऑक्टोबरात एका वर्षी कोलोनचं अनुगा आणि पुढच्या वर्षी पॅरिसचं सियाल. मुंबईहून शक्यतो एकाच कंपनीचं विमान धरायची सवय, त्यामुळे त्यांच्या खात्यावर दोन लाखांच्या वर माइल्स, म्हणजे प्रवासाबद्दल विमान कंपनी देते ते बक्षिसाचे गुण, साठले होते आणि तसेच पडून होते. सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीखालच्या पेवात घातलेली हळद वर्षानुवर्षं टिकायची, तसे हे माइल्स आपोआप टिकतात असा त्यांचा समज. (पेवांतही २००५ च्या पुरात पाणी शिरलंच, पण ते असो.) हे सगळं त्यांना विचारून लिहितोय. "नाव घालू नको, बाकी काही लपवू नको," एवढंच म्हणाले.

पुतणीचं लग्न पुण्यात ठरलं. मुलाकडचे पाहुणे परदेशातून येणार, त्यांच्यासाठी चांगल्या हॉटेलात खोल्या हव्या होत्या आणि लग्नसराईचे दर ऐकून घरात सगळेच गप्प झाले होते. नेमका त्याच सुमारास निर्यातदारांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज फिरत आला: तुमचे विमानाचे माइल्स हॉटेलच्या पॉइंट्समध्ये (म्हणजे ज्यांवर खोली मिळते अशा हॉटेलच्या गुणांमध्ये) बदलून देऊ, उत्तम दर, आठवड्यात काम. पाठवणारा ओळखीचा होता. त्यानेही तो दुसरीकडून आलेला पुढे ढकलला होता, हे मागाहून कळलं.

फोनवरचा माणूस अस्सल पुणेरी मराठी बोलायचा. स्वतःला 'रिवॉर्ड्स कन्सल्टंट' म्हणवायचा. त्याने पैशाची भाषा आधी केलीच नाही, आधी भीती घातली. "अण्णासाहेब, जेट बंद पडली, विस्तारा गेली. लोकांचे लाखो माइल्स बुडाले. तुमचेही मुदतीत वापरले नाहीत तर शून्य." ऐकायला खरं वाटतं. पण जेटची उड्डाणं एप्रिल २०१९ मध्ये थांबली तरी तिचे माइल्स पुढे इंटरमाइल्स या नावाने चालू राहिले. विस्तारा नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा सभासदांचे पॉइंट्स एअर इंडियाच्या योजनेत वळते करण्यात आले, आणि त्याच योजनेला आता महाराजा क्लब म्हणतात. माइल्सना मुदत असते हे मात्र खरं. अर्धं खरं असल्यामुळेच ते पटलं.

मग दर. एका माइलला तीन पॉइंट्स. पुरावा म्हणून त्याने एक स्क्रीनशॉट पाठवला, त्यावर ठळक '३:१'. अण्णांनी तो मला दाखवलाही होता, आणि आकडा खोटा नव्हता. मॅरियट या हॉटेल साखळीच्या बॉनवॉय योजनेत बहुतेक विमान कंपन्यांसाठी हाच दर आहे. फक्त तो उलट्या दिशेचा आहे! हॉटेलचे तीन पॉइंट्स द्यायचे तेव्हा विमानाचा एक माइल मिळतो. एकदम ६०,००० पॉइंट्स दिले तर २०,००० माइल्स आणि वर ५,००० बक्षीस. आयएचजी या दुसऱ्या हॉटेल साखळीचे १०,००० पॉइंट्स दिले की साधारण २,००० माइल्स हाती येतात. हिल्टनचे १०,००० दिले तर बऱ्याच कंपन्यांकडे १,००० च. म्हणजे हॉटेलकडून विमानाकडे जायचा रस्ता रुंद आहे, पण तूट जबर. विमानाकडून हॉटेलकडे येणारी पायवाट मोजक्याच कंपन्यांनी ठेवली आहे, आणि तीही बहुधा तोट्याची. व्हर्जिन अटलांटिक या विमान कंपनीचे १०,००० पॉइंट्स दिले की हिल्टनचे १५,००० मिळतात. आकडा वाढलेला दिसतो, पण हिल्टनचा एक पॉइंट मुळात स्वस्त, त्यामुळे किमतीत वाढ झाली असं कोणी समजू नये. पॉइंटची किंमत कशी असते ते अ‍ॅकॉरच्या योजनेत सरळ दिसतं: २,००० पॉइंट्स म्हणजे हॉटेलच्या बिलात ४० युरोची सूट. बाकी ठिकाणी ती किंमत खोलीच्या दराप्रमाणे हलते, आणि दलालाचं फावतं ते तिथेच.

ज्या हॉटेलात खोल्या हव्या होत्या, त्याच्यासाठी अण्णांच्या विमान कंपनीकडे अशी पायवाटही नव्हती. ते विचारायला कंपनीच्या वेबसाइटवर कोण जातंय, समोर माणूस गोड बोलत असताना.

"आमच्या पार्टनर डेस्कवरून करावं लागतं," म्हणून त्याने माइल्सच्या खात्याचा नंबर आणि पासवर्ड घेतला. ओटीपी आला, तो अण्णांनी फोनवर वाचून दाखवला. प्रोसेसिंग फी आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी अशी रक्कम यूपीआयने मागितली. ती गेली एका व्यक्तीच्या नावावर, कंपनीच्या खात्यावर नव्हे.

आणि चार-पाच दिवसांत पॉइंट्स खरंच आले! हॉटेलच्या अ‍ॅपमध्ये आकडा झळकला, अण्णांनी लागलीच लग्नाच्या तारखांना खोल्या आरक्षित केल्या. इथे भले भले फसतील. पैसे घेऊन गायब होणारा भामटा आपल्याला ओळखीचा झालाय. बोलल्याप्रमाणे माल देणाऱ्यावर कोण संशय घेईल? अण्णा इतके खूश, की त्याच्या बिलावरच्या पुण्याच्या पत्त्यावर त्यांनी राजापुरी हळदीचं पाकीट कुरिअरने पाठवलं.

पाकीट परत आलं. पत्ता अस्तित्वात नाही.

तेव्हा ते बिल पहिल्यांदा माझ्या टेबलावर आलं. कार्यालय पुण्याचं, पण जीएसटी नंबरची सुरुवात ०७ ने. महाराष्ट्राचा २७ असतो, ०७ म्हणजे दिल्ली. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला तर कुणाचं तरी कापडाचं दुकान निघालं. मग मी हॉटेलच्या खात्याचा उतारा उघडला. विमान कंपनीकडून माइल्स बदलून आले असते तर नोंदीत त्या कंपनीचं नाव दिसायला हवं होतं. तिथे लिहिलं होतं, दुसऱ्या सदस्याकडून हस्तांतर. मोठ्या हॉटेल साखळ्यांत एक सदस्य दुसऱ्याला पॉइंट्स देऊ शकतो, घरच्यांनी एकत्र वापरावेत म्हणून ती सोय असते. आमच्याकडे आलेले पॉइंट्स एका परक्या नावाच्या माणसाचे होते, आणि त्या बिचाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता. त्याचंही खाते असंच कुणीतरी फोडलेलं.

अण्णांचे माइल्स? त्यांवर दोन बिझनेस क्लासची तिकिटं काढली गेली होती, दोन अनोळखी नावांनी. आम्ही बघेपर्यंत प्रवास होऊनही गेला होता. तो धंदा असा: एकाचे चोरलेले पॉइंट्स दुसऱ्याला द्यायचे, दुसऱ्याचे माइल्स घेऊन तिसऱ्याला स्वस्त तिकीट विकायचं, वर फी सगळ्यांकडून. भांडवल शून्य.

पुढचं भराभर झालं. हॉटेलने खातं गोठवलं, आलेले पॉइंट्स काढून घेतले, खोल्या रद्द. विमान कंपनीला ईमेल केलं तर उत्तर आलं की पासवर्ड परक्याला देणं आणि माइल्सची खरेदी-विक्री दोन्ही नियमांत बसत नाही, चौकशी होईपर्यंत खातं बंद. तक्रार घेऊन गेलेले अण्णा दोन्हीकडे आरोपीसारखे उभे राहिले. याचा त्यांना पैशापेक्षा जास्त राग आला. तीस वर्षं यार्डात शब्दावर सौदे केलेल्या माणसाला 'माइल्स विकणारा' ठरवलं जाणं लागलं त्यांना.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन केला, राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार भरली. तिथला माणूस नीट बोलला. पण अर्जात नुकसान रुपयांत लिहायचं असतं, आणि माइल्सची रुपयांतली किंमत कोण ठरवणार? बहुतेक विमान कंपन्यांच्या नियमांत माइल्स ही सदस्याची मालमत्ताच धरत नाहीत. शेवटी भरली ती फीची रक्कम. तीही लगेच कळवली असती तर खात्यात अडवता आली असती. आमच्या वेळी ती पुढे सरकून गेली होती. रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक, तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी कमी करणारं, बँकेच्या व्यवहारांपुरतं होतं. माइल्स त्यात येत नव्हते.

ज्यांच्याकडे असे माइल्स पडून असतील त्यांना एवढंच सांगतो. खरी अदलाबदल तुमच्याच खात्यात लॉगिन करून होते, दोन्हीकडे नाव एकच असावं लागतं, दर कंपनीच्या पानावर छापलेला असतो आणि मधे माणूस लागत नाही. दर बघाल तर मन खट्टू होईल इतका वाईट असतो. त्यापेक्षा तिकिटं काढा, घरच्या कुणाला तरी फिरवून आणा. मुदत जवळ आली असेल तर आपल्या योजनेच्या नियमात बघा. काही ठिकाणी खात्यावर थोडी हालचाल झाली तरी मुदत पुढे जाते. आणि पासवर्ड दिला गेलाच असेल तर आधी तो बदला, ईमेलचाही बदला, मग फोन करत बसा. नुसता संशयास्पद फोन किंवा मेसेज आला, पैसे गेले नाहीत, तर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर 'चक्षू' म्हणून सोय आहे, तिथे नंबर कळवता येतो.

पाहुण्यांच्या खोल्यांचे पैसे आम्ही रोख भरले. लग्न छान झालं. अण्णांच्या माइल्सच्या खात्याची चौकशी अजून चालूच आहे. आणि गेल्या महिन्यात बेदाण्याच्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर तोच मेसेज पुन्हा फिरला, नंबर नवा, फोटो नवा. दर आता एकाला चार झालाय.