मायांग आणि कंबरदुखी सोबत असेल तर: केगेल की ठेवण?

मायांग खाली आलंय, म्हणजे गर्भपिशवी किंवा मूत्राशय योनीच्या वाटेने खाली सरकलंय, पण अजून पहिल्या किंवा दुसऱ्या, म्हणजे सौम्य पायरीवर आहे, ऑपरेशनची घाई नाही असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, आणि जोडीला कंबर दुखते. अशा बाईला घरी करण्यासारखे दोन उपाय सांगितले जातात. एक, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून वर उचलायचे व्यायाम, म्हणजे केगेल. दुसरा, उभं राहण्याची, बसण्याची, वाकण्याची ठेवणच बदलायची. मी दोन्ही केलेत. साताऱ्यात, एकत्र कुटुंबात राहून, शाळेतली नोकरी चालू असताना. त्यात मला काय जमलं आणि काय नाही ते सांगते.

तपासणी झालेली आहे असं धरून लिहिते. झाली नसेल तर आधी ती. अंग पूर्ण बाहेर येत असेल, रक्त जात असेल, लघवी अडकत असेल, पाय बधिर होत असतील, तर यातलं काहीही घरी करून बघत बसू नका.

पुरावा बघायचा तर केगेल सरळ पुढे आहेत. अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये ते मांडले, तेव्हापासून त्यांच्यावर काम होत आलंय. २०१४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठी चाचणी छापून आली. ब्रिटन, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातल्या ४४७ बायका तिच्यात होत्या. ज्यांना फिजिओने एकेकटीला घेऊन व्यायाम शिकवले, त्यांच्या तक्रारी इतरांपेक्षा कमी झाल्या. ब्रिटनची अधिकृत मार्गदर्शिका २०१९ पासून पहिल्या दोन पायऱ्यांसाठी किमान १६ आठवडे हे व्यायाम करून बघायला सांगते, तेही देखरेखीखाली.

हा ‘देखरेखीखाली’ शब्द सोडू नका. नुसतं तोंडी सांगून हे व्यायाम पुष्कळ जणींना जमत नाहीत. वर उचलायच्या ऐवजी काहीजणी खाली जोर देतात, म्हणजे नेमकं उलटं. मला माझी फिजिओ पुण्यात मिळाली. अतिशय समजूतदार मुलगी. पहिल्या भेटीतच तिने सांगितलं की मी पोट आणि नितंब आवळतेय, आतलं काही हलतच नाहीये. ते तिने दुरुस्त केलं आणि त्याचा उपयोग मला आजही होतो.

मग घरचा पाठ सुरू झाला. दिवसातून तीनदा, आडवं पडून, गुडघे मोडून. पुढे हेच बसून आणि उभ्याने करायचं असतं, पण सुरुवात आडवं पडूनच. का, तर त्या स्थितीत वरचा भार नसतो आणि कमजोर स्नायूंना काम सोपं जातं. कारण रास्त आहे. माझं गाडं मात्र इथेच अडलं.

आमचं घर पेठेतलं, जुनं. खोल्यांना दारं आहेत, पण ती रात्रीच लागतात. दुपारी तीनला सून दार लावून आडवी झाली की घराला ते कळतं. सासूबाई बाहेरून विचारायच्या, “काय गं, बरं नाही का?” जाऊबाई चहा घेऊन यायच्या. पुतण्याची वही नेमकी त्याच कपाटात असायची. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, उलट सगळ्यांना काळजीच होती. पण ज्या दुखण्याचं नाव घरात मोठ्याने घेतलं जात नाही, त्याचा व्यायाम दिवसातून तीनदा दार लावून करायचा, आणि दर वेळी काहीतरी निराळं कारण सांगायचं, हे मला झेपेना. सकाळी डबे असतात. दुपारची पाळी चुकायची, संध्याकाळची स्वयंपाकात जायची, आणि सगळं रात्रीवर यायचं. रात्री जडपणा सगळ्यात जास्त असतो, स्नायू थकलेले असतात, आणि पाठ टेकली की डोळा लागतो. व्यायाम वाईट नव्हता. माझ्या दिवसात त्याला जागा नव्हती. ज्या बाईला स्वतःची खोली आहे आणि आतून कडी लावली तरी कुणी काही विचारत नाही, तिला हा मुद्दा किरकोळ वाटेल. तिने तो सोडून द्यावा.

दुसरा त्रास कंबरेचा. हाडांच्या डॉक्टरांनी कमरेला पट्टा दिला होता आणि पाठ जमिनीला सपाट टेकवायचा व्यायाम सांगितला होता. पट्ट्याने कंबरेला आधार वाटायचा, पण तो घट्ट ओढला की खाली ओढ लागायची, जणू पोटातलं सगळं खालीच दाबलं जातंय. एक डॉक्टर कंबर बघत होते, दुसऱ्या मायांग, आणि एकाचा उपाय दुसरीकडे काय करतो हे विचारायला मला दोघांकडेही जावं लागत होतं. केगेल करून कंबरेला फरक पडला का? मला तरी नाही. तुमचं वेगळं असू शकतं.

आता ठेवण. ती दिसायला साधी आहे. पावलं समांतर, गुडघे ताठ न अडकवता. पोट सैल, आत ओढून धरलेलं नाही. माकडहाड खाली दुमडून घ्यायचं नाही, ते मागे राहू द्यायचं, म्हणजे कंबरेचा जन्मजात बाक टिकतो. छातीचं मधलं हाड वर, खांदे खाली, हनुवटी किंचित आत. शाळेत ‘सावधान’ला पोट आत घ्यायला शिकलेल्या आपल्या पिढीला पोट सोडून ताठ उभं राहणं हेच पहिले काही दिवस चमत्कारिक वाटतं. बाकी ताठ उभं राहणं आपल्या जिल्ह्याला नवं नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला आणि तो संस्थानातल्या शाळांपर्यंत नेला, ते औंध इथलंच.

यामागचा विचार असा. ओटीपोटाच्या अगदी खाली, पुढे हाताला लागतं ते हाड उभं राहताना समोर नसून बरंचसं खाली असायला हवं, फळीसारखं. कंबरेचा बाक शाबूत असला की मूत्राशय आणि गर्भपिशवी यांचा भार त्या हाडाकडे आणि पोटाच्या पुढच्या भिंतीकडे जातो. माकडहाड दुमडून, खांदे पाडून उभं राहिलं की तोच भार मागे सरकून सरळ खालच्या वाटेवर येतो. ही ठेवणीचा उपाय सांगणाऱ्यांची मांडणी झाली. आधार म्हणाल तर २००० साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात, ज्या बायकांच्या कंबरेचा बाक गेलेला होता त्यांच्यात अंग खाली येण्याचं प्रमाण जास्त दिसलं. पण त्यातून एकामुळे दुसरं झालं असं ठरत नाही. आणखी एक गोष्ट मोजून पाहिलेली आहे: पोक काढून बसण्यापेक्षा ताठ, न टेकता बसलं की ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आपोआप जास्त काम करतात. केगेलसारखी मोठी चाचणी मात्र ठेवणीच्या मागे नाही. हा तिचा खरा कमकुवतपणा आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही.

तरीही माझं मन तिकडे झुकलं, कारण तिला दार लावावं लागत नाही. ओट्याशी कणीक मळताना ती चालते, फळ्यावर लिहिताना चालते, पोवई नाक्यावर रिक्षाची वाट बघताना चालते. कुणाला कळतही नाही. दिवसाकाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही, जे चाललंय तेच जरा वेगळं करायचं.

काही गोष्टी आपल्या घरात आधीपासून आहेत, त्या वापरा. भाकरी खाली बसून थापत असाल तर पाट घ्या, आणि तो जरा उंच असू द्या. बूड गुडघ्यांपेक्षा वर राहिलं की कंबर आपोआप सरळ होते. एसटीच्या खोलगट सीटवर हेच उलटं होतं, म्हणून पुण्याच्या प्रवासात मी चादरीची घडी बुडाखाली, मागच्या अंगाला घेते. खंबाटकीचा घाट उतरताना बसणारे धक्के पूर्वी कंबरेत आणि खाली, दोन्हीकडे जाणवायचे. केर काढायला लांब दांड्याचा झाडू. खालचं उचलताना कंबरेतून वाकायचं नाही, मांड्यांच्या सांध्यातून वाकायचं, वस्तू अंगाशी धरायची आणि श्वास सोडत उचलायचं. भरलेला सिलिंडर उचलायचाच नाही, त्याचा गॅसच १४.२ किलो असतो, वर टाकीचं वजन वेगळं.

शौचाला जोर करणं हे मायांगाचं मोठं वैरी. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी घरात कमोड आला, तेव्हापासून मी पायाखाली छोटा पाट घेते आणि पुढे झुकून बसते. उकिडवं बसल्यासारखी स्थिती येते, वाट सरळ होते.

आणि परकराची नाडी. हे कुणी सांगत नाही म्हणून मी आवर्जून सांगते. साडी सुटू नये म्हणून आपण ती करकचून बांधतो आणि तो फास दिवसभर पोटावर राहतो. मी रुंद पट्टीचे परकर शिवून घेतले, ते थोडे खाली, कंबरेच्या हाडावर बांधते. जो जडपणा मधल्या सुट्टीपासून सुरू व्हायचा तो घरी यायच्या वेळेपर्यंत पुढे ढकलला गेला. ठेवणीचा फायदा आणि नाडीचा फायदा मला वेगळे काढून दाखवता येणार नाहीत.

कंबरेचं म्हणाल तर पट्टा आता कपाटात असतो. अजिंक्यतारा किल्ल्यावर चढताना मला कधीच फारसा त्रास नव्हता, उतरताना व्हायचा. वरच्या मंगळाईदेवीचं दर्शन घेऊन परत फिरलं की निम्म्या उतारावर खाली ओढ लागायची आणि कंबर धरायची. आता खाली रस्त्याला लागेपर्यंत बहुतेक वेळा काही वाटत नाही. माझ्यापुरतं मोजमाप एवढंच आहे.

ठेवणीच्या अडचणीही आहेत. सुरुवातीला पाठीत, दोन खांद्यांच्या मध्ये, चांगलंच दुखतं. चुकतंय का बरोबर आहे हे सांगायला कुणी समोर नसतं. उत्साहाच्या भरात कंबर गरजेपेक्षा जास्त आत घेतली तर तीच दुखायला लागते. मणका पुढे सरकलेला असेल किंवा मणक्यातली नळी अरुंद झालेली असेल, तर कंबरेचा बाक वाढवणं नुकसानीचं ठरू शकतं, तेव्हा एक्स-रे किंवा एमआरआय झालेला असेल तर हाडांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. बाळंतपणात तळाचा स्नायू हाडापासून सुटलेला असेल तर तो ना ठेवणीने जोडला जातो ना केगेलने. आणि डोक्यावर घागर घेऊन ताठ चालणाऱ्या बायकांना हे होत नाही, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. नेपाळच्या डोंगरात जड ओझी वाहणाऱ्या बायकांमध्ये ही तक्रार भरपूर आहे. बाळंतपणानंतर लगेच ओझं उचलावं लागलं तर ताठ पाठही पुरी पडत नाही.

रिंगचा, म्हणजे योनीत बसवून अंग वर धरून ठेवणाऱ्या कडीचा, पर्याय मी वापरलेला नाही. ज्या वापरतात त्यांना लगेच आराम मिळतो असं ऐकते. ती वेळच्या वेळी काढून धुवावी आणि तपासावी लागते.

तर निवड कशी करायची? घरात एकांत आहे, चांगली फिजिओ आवाक्यात आहे, आणि खोकताना-हसताना लघवी गळणं हीच मुख्य तक्रार आहे, तर केगेलपासून सुरुवात करा, चार महिने द्या. एकत्र कुटुंब आहे, दिवसभर उभ्याचं काम आहे आणि मायांगाइतकीच कंबरही छळतेय, तर मी ठेवणीकडे बोट दाखवीन. दोन्हींचं भांडण आहे असंही नाही. फिजिओने शिकवलेली एक गोष्ट मी कायम ठेवलीय: शिंक-खोकला येतोय असं वाटलं, किंवा कळशी उचलायची वेळ आली, की त्याच्या आधी आतला स्नायू वर उचलून धरायचा. त्याला आडवं पडावं लागत नाही.

फिजिओकडे किंवा डॉक्टरीणबाईंकडे जाल तेव्हा शक्यतो संध्याकाळची वेळ घ्या, आणि एकदा उभ्याने तपासा असं सांगा. सकाळच्या वेळी, झोपवून तपासलं की अंग वर सरकलेलं असतं. तुम्हाला जे दिवसभर जाणवतं ते त्यांना दिसत नाही, आणि पायरी कमी लिहिली जाऊ शकते.