हेल्म ३: जळगाव-धुळ्याच्या छोट्या सर्व्हरवर कितपत चालतं?

खान्देशातल्या छोट्या ऑफिसात एकाच मशीनवर के३एस (कंटेनर चालवणाऱ्या कुबरनेटीसची हलकी आवृत्ती) चालवायचं असेल, तर अ‍ॅप चढवायला हेल्म ३ हे कुबरनेटीसचं पॅकेज मॅनेजर जरूर घ्यावं. फक्त त्याच्या डिफॉल्ट सेटिंग्जवर विसंबू नये.

२०१९ साली आलेल्या या आवृत्तीत क्लस्टरमधला (कुबरनेटीसच्या मशीनसमूहातला) टिलर, म्हणजे हेल्मचा सर्व्हरवरचा भाग, गेला, त्यामुळे सर्व्हरवर वेगळं काही बसवावं लागत नाही. पहिल्याच कमांडला ‘क्लस्टर अनरीचेबल’ आलं, तर हेल्मला कुबकॉन्फिग, म्हणजे क्लस्टरशी जोडणीची फाइल, सापडलेली नसते. के३एस ती ‘ईटीसी/रँचर/के३एस’ फोल्डरमध्ये ठेवतं आणि ती फक्त रूटला वाचता येते. कॉपी करून घ्या. दुसऱ्या मशीनवरून चालवणार असाल, तर आतला १२७.०.०.१ बदलून सर्व्हरचा आयपी टाका.

खरी गोची वेळेची. नुसतं ‘हेल्म अपग्रेड’ दिलं, तर क्लस्टरने यामल (काय चालवायचं ते सांगणारी फाइल) स्वीकारलं की हेल्म ‘डिप्लॉइड’ म्हणून मोकळं होतं, मग पॉड (कंटेनर चालवणारं एकक) इमेजसाठी, म्हणजे कंटेनरच्या पॅकेजसाठी, ताटकळत का बसेना. म्हणून ‘--वेट’ आणि ‘--अ‍ॅटॉमिक’ लावायचं, म्हणजे पॉड तयार होईपर्यंत हेल्म थांबतं आणि फसलं तर आधीच्या आवृत्तीवर परततं (रोलबॅक). पण त्याची मुदत ५ मिनिटांची, आणि २० एमबीपीएसच्या लाइनवर १ जीबीची इमेज उतरायलाच पावणेसात मिनिटं लागतात. कोडमध्ये काही चूक नसताना रोलबॅक होतो आणि लोक लॉग चाळत बसतात. ‘--टाइमआउट १५एम’ द्या, किंवा त्याहून बरं, आधीच ‘क्रिक्टल पुल’ने इमेज उतरवून ठेवा.

दुसरं दुखणं विजेचं. अपग्रेड चालू असताना वीज गेली, की रिलीज (हेल्मने चढवलेलं काम) ‘पेंडिंग-अपग्रेड’मध्ये अडकतं. पुढची कमांड ‘अनदर ऑपरेशन इज इन प्रोग्रेस’ म्हणून नकार देते. वर ‘हेल्म लिस्ट’मधूनही रिलीज गायब, अशा वेळी पोटात गोळा येणारच! छोट्या अक्षरातलं ‘-ए’ (म्हणजे ‘--ऑल’) लावलं की दिसतं. ‘हेल्म हिस्टरी’त शेवटची चांगली आवृत्ती बघून तिच्यावर रोलबॅक करा, अनइन्स्टॉल नको. चार्टमध्ये (हेल्मच्या पॅकेजमध्ये) थेट लिहिलेला पीव्हीसी, म्हणजे डेटासाठीच्या डिस्क-जागेची मागणी, अनइन्स्टॉलबरोबर जातो, आणि के३एसच्या लोकल-पाथ स्टोरेजवर त्यामागचा डेटाही पुसला जातो. डेटाबेसच्या पीव्हीसीवर ‘रिसोर्स-पॉलिसी: कीप’ पहिल्याच दिवशी लावा.

दोन-तीन यामल फायलींचंच काम असेल, तर कुबरनेटीसची स्वतःची कमांड ‘कुबसीटीएल अप्लाय’ पुरेशी आहे, हेल्मच्या टेम्प्लेटमधले कंस जुळवत बसायची गरज नाही.