कंबर धरलीय: हॉट पॅक की टेन्स?

अमेरिकेतल्या क्लिनिकमध्ये फिजिकल थेरपिस्ट असिस्टंट म्हणून लागलात की पहिल्याच आठवड्यात हा पेच येतो. प्लॅनमध्ये थेरपिस्टने लिहिलेलं असतं, 'दुखण्यासाठी हॉट पॅक किंवा टेन्स.' हॉट पॅक म्हणजे गरम पाण्यातली शेकायची पिशवी, टेन्स म्हणजे कातडीवर पट्ट्या चिकटवून सौम्य विजेचे झटके देणारं छोटं मशीन. तपासणी त्यांची, प्लॅनही त्यांचा. त्यातलं 'किंवा' तेवढं तुमच्या गळ्यात.

चार दिवसांपूर्वीच कंबर धरलीय, स्नायू आखडून दगड झालेत, तर मी हॉट पॅक उचलते. नव्या कंबरदुखीत शेक द्यायला अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या २०१७ च्या सूचनांचाही आधार आहे. पण पॅक निघतो ७०-७५ अंश सेल्सिअसच्या पाण्यातून! टॉवेलचे सहा ते आठ थर हवेत, आणि पेशंट पालथा. पॅकवर उताणं झोपवलं तर वजनाने गरम पाणी पिळून निघतं, खालचं रक्ताभिसरणही दबतं. पाच मिनिटांनी टॉवेल उचलून बघाच. कातडी एकसारखी गुलाबी असेल तर ठीक. लाल-पांढरे चट्टे दिसले की पॅक काढा. मधुमेही आजोबा 'काही लागत नाही, अजून गरम चालेल' म्हणाले तर खूश होऊ नका. शेकाआधी गरम-गार परीक्षानळ्या लावून बघायच्या असतात त्या याचसाठी. फरक कळत नसेल तर शेक बाद.

टेन्सची मजा अशी की मशीन कमरेला अडकवून पेशंट चालतो, उठबस करतो. जुनाट दुखण्यात मला हे मोलाचं वाटतं, कारण खरं काम व्यायामच करतो. टेन्सचा पुरावा तसा कच्चाच आहे. ८० ते १२० हर्ट्झला मुंग्या येतात. थोड्या वेळाने 'बंद पडलं वाटतं' असं ऐकू येतं. मशीन बिघडलेलं नसतं, शरीराला सवय झालेली असते. तीव्रता किंचित चढवा, तेवढी मुभा तुम्हाला आहे. पेसमेकर असेल तर मात्र थेट थेरपिस्टकडे.

अल्ट्रासाउंड (सोनोग्राफी नव्हे, ध्वनिलहरींचा उपचार) प्लॅनमध्ये नाही, म्हणजे नाही. पेशंट कितीही म्हणो, 'आधीच्या ठिकाणी लावायचे.'

मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, हॉट पॅकचे वेगळे पैसे देत नाही, म्हणून 'मशीनच लाव' असा सल्लाही कानावर येईल. तो कानावरच राहू द्या.

आणि पेशंट सहज बोलून गेला की बसायची जागा बधिर झालीय, लघवी अडतेय, तर पॅकही बाजूला ठेवा आणि वायरीही. थेरपिस्टला त्याच मिनिटाला बोलवा. पेशंटला इमर्जन्सीत न्यायला हवं.