जुनी अल्टो 800 कॉलेजला नेते, त्याचा अनुभव (आणि उंदीर)

जानेवारीत चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला तेव्हाच हे लिहायला बसले होते, पण त्या दिवशी नुसत्या शिव्याच निघाल्या असत्या. आता राग बराच उतरलाय. सगळा नाही.

गाडी जुनी अल्टो 800, 2016 ची, पेट्रोल, एसी आणि पॉवर स्टिअरिंगवाली. 796 सीसी, तीन सिलिंडर, 12 इंची चाकं, हे तुम्हाला पाठ असेल, त्यात वेळ घालवत नाही. 2012 ला आली, 2023 ला बनणं बंद झालं, तरी यवतमाळात कुठंही उभी करा, तिचं काम येणारा मेकॅनिक सापडतो. घ्यायचं मुख्य कारण तेच.

आमचं गाव कळंब तालुक्यात, हायवेपासून आत. मी यवतमाळला बी. फार्मच्या तिसऱ्या वर्षाला. जाऊन-येऊन साधारण पन्नास किलोमीटर. एसटी स्वस्त आहे यात वादच नाही. 17 मार्च 2023 पासून बायांना अर्धं तिकीट, आणि विद्यार्थी पास काढला तर 66.67 टक्के सवलत, म्हणजे महिना हजाराच्या आत निघतो. अल्टो अठरा-एकोणीसचं मायलेज देते, पेट्रोल शंभरच्या वर, म्हणजे रोजचे तीनशेला थोडेच कमी. बाबांनी हा हिशेब कॅलेंडरच्या मागं मांडला आणि एवढंच विचारलं, "मंग गाडी कायले पायजे वं?"

प्रॅक्टिकलसाठी. लॅब सुटता सुटता साडेपाच होतात. बस मिळते, पण ती फाट्यावर सोडते. तिथून गावापर्यंतचा रस्ता काळ्या मातीतला, श्रावणात टोंगळाभर चिखल. मग दादानं मोटरसायकल घेऊन यायचं, आणि फवारणीच्या दिवसांत त्यालाच अंघोळीला सवड नसते. 2024 च्या फेब्रुवारीत वर्धा-कळंब रेल्वे सुरू झाली तेव्हा आजीला वाटलं पोरीचा प्रश्न मिटला. पण ती रेल्वे तेव्हा वर्ध्याकडंच जायची, मी यवतमाळकडं. स्कूटीचंही बोलणं झालं होतं, पण मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत दुपारचा पेपर देऊन स्कूटीवर येणाऱ्या मैत्रिणीची हालत मी पाहिली आहे.

कोणती घ्यायची यावर घरात महिनाभर धिंगाणा. बाबांना बोलेरो हवी होती. कॉलेजच्या गेटवर बोलेरोतून उतरणं म्हणजे सरपंचपदाचा अर्ज भरायला आल्यासारखं दिसलं असतं, शिवाय त्या पैशात विहिरीवर नवी मोटर आणि पाइप दोन्ही होतात. सीएनजीचं दादानंच मोडलं: टाकीनं डिकी जाते, दर तीन वर्षांनी टाकीची टेस्ट करावी लागते, आणि सुट्टीच्या दिवशी त्याला याच गाडीतून युरियाची पोती आणायची होती. (45 किलोचं एक पोतं डिकीत, दुसरं मागच्या सीटवर. माझ्या ॲप्रनला अजून वास येतो.) इलेक्ट्रिकला रोजचे पन्नास किलोमीटर म्हणजे काहीच नाही, पण आमच्या बजेटात नव्हती. पावणेदोन लाखांत अल्टो आली.

ज्याच्याकडून घेतली त्या एजंटाचं नाव लिहीत नाही. आरसी आठ दिवसांत नावावर करून देतो म्हणाला. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या घेतल्या आणि फोन उचलणं बंद केलं. शेवटी दादा त्याच्या दुकानासमोर डबा घेऊन जाऊन बसला तेव्हा काम झालं. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल इन्शुरन्सच्या हप्त्यात मिळणारी सूट) आपल्याला मिळत नाही, हेही त्यानं सांगितलं नव्हतं. गाडी 1 एप्रिल 2019 च्या आधीची, म्हणून हाय सिक्युरिटी नंबरप्लेटचा खर्च वेगळा. जुनी घेणाऱ्यांनी हे सगळं भाव करतानाच धरावं.

चालवायला मात्र मजा आली. हलकी आहे, लहान आहे, कॉलेजबाहेर लिंबाखाली दोन मोटरसायकलींच्या जागेत मावते. पावसाळ्यात फाट्याच्या रस्त्यावर एकदा पोटावर बसली, धुऱ्यावरच्या लोकांनी हातांनीच उचलून बाजूला केली. बोलेरो असती तर अडकली नसती, पण अडकली असती तर ट्रॅक्टर लागला असता.

आता उंदीर.

आमच्याकडं गाडी रात्री गोठ्याला लागून असलेल्या शेडमध्ये राहते. त्याच शेडमध्ये सरकी ढेपेची पोती. सोयाबीन निघालं की वावरं रिकामी होतात आणि तिथले उंदीर घराकडं येतात, हे कोणत्याही कास्तकाराला माहीत आहे. त्यात पलीकडच्या खोलीत भाव वाढेल म्हणून भरून ठेवलेला कापूस. खायला ढेप, गादीला कापूस, आणि रात्री ऊब द्यायला माझं गरम इंजिन. आधी बॉनेटखाली कापसाचे बोळे सापडले, मी हसले. मग एका सकाळी गाडी झटके द्यायला लागली, पिवळा दिवा लागला, आणि व्हायवाच्या दिवशी मी फाट्यावर उभी.

यवतमाळच्या एका मोठ्या गॅरेजनं बॉनेट उघडून मिनिटभर पाहिलं आणि सांगितलं, इंजिनचं पूर्ण वायरिंग बदलावं लागेल, साडेअकरा हजार, माल नागपूरहून येईल. कुरतडलेल्या वायरी दाखवा म्हटलं तर "मॅडम, तुम्हाला नाही समजणार." इन्शुरन्स फक्त थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीपुरता, त्यात उंदराचे पैसे मिळत नसतात. गाडी टो करून कळंबला आणली. तिथल्या बॅटरी-डायनॅमोवाल्या काकांनी टॉर्च माझ्याच हातात दिला. "हे पाय ताई, तीनच वायरी खाल्ल्या उंदरायनं." इंजेक्टरची, सेन्सरची आणि फॅनची. सोल्डर केलं, स्लीव्ह चढवली, टेप गुंडाळली, सातशे रुपये. तो जोड आजपर्यंत टिकून आहे.

जानेवारीत माझं मत पक्कं झालं होतं की खेड्यात गोठ्याशेजारी गाडी ठेवायचीच नाही, विकून टाकावी आणि शहरात रूम करावी. डांबरगोळ्या टाकून पाहिल्या, त्यांचा वास एसीतून नाकात यायचा आणि डोकं दुखायचं. कोणी म्हणालं तंबाखू बांधा. बॉनेटमध्ये बांधलेली पुडी उंदरांच्या आधी आमच्या गड्यानं संपवली. मांजर आणली, ती मागच्या सीटवर झोपायला लागली.

फरक पडला तो ढेप हलवल्यावर. पोती दुसऱ्या खोलीत लाकडी फळ्यांवर ठेवली, कापूस विकला गेला, काकांनी इंजिनच्या खालून बारीक लोखंडी जाळी बसवून दिली, आणि गरम इंजिनची ऊब लवकर जावी म्हणून रात्री बॉनेट उघडं ठेवते. जूनमध्ये पेरणीचं घरचं सोयाबीन बियाणं शेडमध्ये आलं तेव्हा बॅटरीवर पुन्हा लेंड्या दिसल्या, पण वायर एकही तुटली नाही. रूमचा विषय मीच बंद केला.

हिशेबही बदललाय. कळंबच्या दोन मैत्रिणी प्रॅक्टिकलच्या दिवशी सोबत येतात, पेट्रोल तिघींत वाटलं की माझ्या वाट्याला शंभरच्या आसपास. बाकीच्या दिवशी पास आहेच. म्हणून कोणी विचारलं की रोजच्यासाठी घेऊ का, तर मी नाही म्हणते. आठवड्यातल्या अडलेल्या दिवसांसाठी, जुनी, छोटी, पेट्रोल, आणि गावच्या इलेक्ट्रिशियनला उघडता येईल अशी घ्या. आणि घ्यायच्या आधी घरी जाऊन पाहा, ढेप कुठं ठेवता.

पुढच्या महिन्यात इन्शुरन्स संपतोय. फुल इन्शुरन्सचं विचारायला इन्शुरन्सवाल्या एजंटला फोन केला तेव्हा मी पहिलाच प्रश्न उंदरांचा विचारला. लेखी विचारून सांगतो म्हणाला. तोवर थर्ड पार्टीच.